चंद्राक्का आणि म्हातारा मुद्दे

चंद्राक्का मोरे कुणालाही “कसं काय?” असं विचारत नसत. त्या विचारत, “पोट काय म्हणतंय?” शाळेच्या फाटकात मुख्याध्यापिका भेटल्या तरी हेच आणि दारात दूधवाला आला तरी हेच. विचारून पुढे निघून जायचीही सोय नव्हती. उत्तर मिळेपर्यंत त्या समोर उभ्या राहत. “ठीक आहे” म्हणून कुणी सटकायला बघितलं तर म्हणत, “ठीक म्हणजे काय? चाललंय की थांबलंय?”

मी बेळगावहून बेंगळूरला आले ती मल्लेश्वरमच्या एका मुलींच्या शाळेत गणित शिकवायला. एकोणीसशे पन्नासचं दशक उतरणीला लागलं होतं. राहायला जागा हवी होती, आणि जीवशास्त्राच्या मोरेबाईंच्या घरातली मागची खोली रिकामी आहे, असं शाळेत कळलं. संध्याकाळी पत्ता विचारत गेले. दार उघडंच होतं. आतून खणखणीत आवाज आला, “बस गे, बस. मुद्दे जेवला का तेवढं बघते आणि येते.”

मी गणिताची बाई. मुद्दे लिहावेत, मांडावेत, खोडावेत हे मला माहीत होतं. ते जेवतात हे पहिल्यांदाच ऐकत होते.

थोड्या वेळानं एक उंच, काळसर, हाडापेरानं मजबूत बाई बाहेर आली. पातळाचा पदर कमरेला खोचलेला, पायात घरातसुद्धा पांढरे कॅनव्हासचे बूट. डाव्या हातावर एक गोल, तपकिरी, केसाळ प्राणी बसला होता आणि उजवा तळवा माझ्यापुढे उघडा धरलेला. त्यात काळपट लेंड्या होत्या.

“बघ, कशा झाल्यात. लांबट, कोरड्या, सगळ्या एका मापाच्या. आठवडाभर बारीक बारीक पडत होत्या. आज पोट मार्गाला लागलं.” मग माझ्याकडे नीट बघत विचारलं, “तुझं पोट काय म्हणतंय?”

“बरं आहे,” मी म्हटलं.

“मग खोली तुझी. सामान कधी आणतेस?”

हा मुद्दे म्हणजे गिनी पिग. नाचणीच्या पिठाचा उकडून केलेला गोळा इकडे घरोघर खातात, त्याला कानडीत मुद्दे म्हणतात. रंगानं आणि आकारानं हा थेट तसाच, म्हणून शाळेतल्या मुलींनी हे नाव ठेवलं होतं. जीवशास्त्राच्या वर्गासाठी कुठल्याशा प्रयोगशाळेतून एक जोडी आणली होती. मादी गेली, नर उरला, आणि उरता उरता म्हातारा झाला. एक दिवस मुख्याध्यापिका म्हणाल्या, “आता याचा काय उपयोग? वय झालंय त्याचं. परत पाठवून द्या.” परत गेल्यावर त्याचं काय होणार हे अक्कांना ठाऊक होतं. त्यांनी डब्याच्या पिशवीत गवत घातलं, वर त्याला बसवलं आणि घरी घेऊन आल्या.

“वय झालंय” हे दोन शब्द अक्कांना सहन होत नसत. कुणी उच्चारले की त्यांच्या कपाळावरची शीर उभी राहायची. “वय हा काय आजार आहे? आजार दुसराच असतो, सुशीला. वय त्याच्यावर नुसतं पांघरूण घालतं. आपण पांघरूण ओढून बघायचं.”

त्यांचं मराठी असं स्वच्छ असायचं, पण मधूनच कानडी डोकावायची. त्यांचे पूर्वज कुठल्या तरी फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, अंगणाबाहेर कानडी, आणि राग आला की दोन्ही. “स्वल्प थांब गे,” “सरी, सरी, कळलं,” हे त्यांच्या बोलण्यात इतकं मुरलेलं होतं की महिन्याभरात मीही वर्गात “बरं”ऐवजी “सरी” म्हणायला लागले.

मुद्देच्या खाण्याचं शास्त्र कडक होतं. ढीगभर गवत आधी, बाकी सगळं नंतर. वाळलेलं गवत अक्का जटकेवाल्यांच्या, म्हणजे टांगेवाल्यांच्या, तळावरून आणत. घोड्यांसाठी आलेल्या भाऱ्यातून त्या वास घेऊन घेऊन मूठ निवडायच्या आणि जटकेवाले हसायचे. ताज्या दूर्वा मात्र देवळापुढच्या फुलवालीकडून घ्यायच्या. इकडे त्यांना गरिके म्हणतात. ही बाई रोज सकाळी एवढ्या दूर्वा नेते म्हणजे हिचा केवढा मोठा नवस असेल, असं त्या फुलवालीला वाटायचं. शेवटी तिनं विचारलंच. अक्का म्हणाल्या, “घरी एक गणपती आहे. पोट मोठं आहे आणि मोदक चालत नाहीत.” फुलवालीनं हात जोडले आणि एक जुडी वर घातली.

दिवसाआड पेरूची फोड किंवा आवळ्याचा कीस. “आपल्यासारखाच आहे बिचारा,” अक्का सांगायच्या. “याच्या अंगात क जीवनसत्त्व तयार होत नाही. बाहेरून दिलं नाही तर सांधे दुखतील, हिरड्या सुजतील, आणि आपण म्हणणार वय झालं.” म्हातारपणामुळे त्याच्या मागच्या बाजूचे स्नायू सैल पडले होते. मऊ लेंड्या तिथेच अडकून त्यांचा गोळा व्हायचा. अक्का त्याला मांडीवर उताणा घेत, कोमट पाण्यानं आणि खोबरेल तेलानं ते सगळं साफ करत. नाक मुरडणं नाही, कुरकुर नाही. ते करतानाच मला दुसऱ्या दिवशीच्या परीक्षेविषयी विचारायच्या. मी आपली दाराशी उभी राहून उत्तरं द्यायची.

दर रविवारी सकाळी मुद्देचं वजन व्हायचं, तेही शेट्टींच्या किराणा दुकानात. गिऱ्हाईक येण्याआधी शेट्टी गुळाच्या तराजूचं पारडं पुसून द्यायचे, अक्का त्यात जुना पंचा घालायच्या आणि मुद्दे त्यात राजासारखा बसायचा. त्याच सुमारास शेर-छटाक जाऊन किलो-ग्रॅम आले. बाजारात गोंधळच गोंधळ होता. जो तो म्हणायचा, पूर्वीपेक्षा कमी मिळतं. एका रविवारी शेट्टींनी नवी वजनं लावली. अक्कांनी आकडा ऐकला, मनात हिशेब केला आणि म्हणाल्या, “कमी झालंय.”

“अय्यो अक्का, तो नाही कमी झाला, वजनं बदललीत,” शेट्टी म्हणाले.

“जुनी काढा.”

“सरकारनं बंदी केलीय.”

“मी काय तुमच्याकडून गूळ घेतेय? काढा म्हणते ना.”

शेट्टींनी गल्ल्याखालच्या पेटीतून जुनी वजनं काढली. मुद्दे खरंच हलका झाला होता, आणि थोडाथोडका नाही. अक्कांनी त्याला पारड्यातून उचललं. घरी येऊन त्यांनी त्याच्यापुढे दूर्वा ठेवल्या आणि जमिनीवर पालथ्या झोपल्या, हनुवटी फरशीला टेकवून, त्याच्या तोंडाच्या पातळीवर. मीही शेजारी बसले. मुद्दे धावत आला, गवताची काडी तोंडात घेतली, जबडा हलवला, आणि काडी खाली पडली. दुसरी घेतली, तीही पडली.

“बघितलंस? भूक आहे. धावत येतो. पण जमत नाही त्याला,” अक्का उठत म्हणाल्या. “दात.”

पुढचे दात तर नीट दिसत होते. पण अक्कांना खात्री होती. त्यांनी ओळखीचे एक घोड्यांचे डॉक्टर गाठले. हे गृहस्थ जन्मभर पलटणीच्या घोड्यांमध्ये राहिलेले, निवृत्तीनंतर शर्यतीच्या घोड्यांना तपासायचे. मुद्देला बघून त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“बाई, माझ्या पेशंटचं नाकसुद्धा याच्यापेक्षा मोठं असतं.”

“पण घोड्याचे दात जन्मभर वाढतात, आणि तुम्ही ते कानशीनं घासता. हो ना?”

“हो.”

“याचेही वाढतात. मागच्या दाढा बघायच्यात. मला एकटीला जमणार नाही. तुमचा हात सराईत आहे.”

डॉक्टर हसले आणि कामाला लागले. अक्कांनी त्याला पंच्यात गुंडाळून धरलं, मी बॅटरी धरली, डॉक्टरांनी चमच्याच्या दांड्यानं गाल बाजूला केला. खालच्या दाढा आत वाकून जिभेवर कमानीसारख्या आल्या होत्या. जीभ त्यांच्याखाली अडकली होती. गिळणार कसं बिचारं! डॉक्टरांनी चमचा खाली ठेवला. मग म्हणाले, “माझ्या घोड्यांना हे व्हायला लागलं तर ते ओरडून तबेला डोक्यावर घेतात. हा गुपचूप बसलाय.” त्यांनी सोनाराकडची बारीक कानस मागवली आणि थोडं थोडं करून, मध्ये त्याला श्वास घेऊ देत, दाढा घासून काढल्या. फी विचारली तर म्हणाले, “पुढच्या वेळी मला आधीच बोलवा, एवढंच.”

दाढा घासल्या तरी तोंड दुखत होतं. या प्राण्याच्या पोटात दिवसभर काही गेलं नाही तर आतडी थांबतात, आणि एकदा थांबली की सुरू करणं कठीण. म्हणून अक्का दूर्वा पाट्यावर वाटायच्या, त्यात पेरूचा गर आणि पाणी घालून, बिनसुईच्या पिचकारीनं त्याच्या गालाच्या कडेनं थेंब थेंब सोडायच्या. शाळेत जाण्याआधी, मधल्या सुट्टीत धावत घरी येऊन, परत संध्याकाळी. मधल्या सुट्टीत कॅनव्हासचे बूट घालून रस्त्यानं लगबगीनं जाणाऱ्या मोरेबाई मल्लेश्वरमच्या लोकांच्या सवयीच्या झाल्या होत्या. पंधरवड्यानं मुद्दे स्वतःच्या तोंडानं गवत चावायला लागला. त्याचा तो कुरकुर कुरकुर आवाज ऐकायला अक्का खुर्ची ओढून बसल्या, जणू गाण्याच्या बैठकीला.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुट्टीत माझी आई बेळगावहून आली. गाडीतून उतरली तेव्हा मी तिला क्षणभर ओळखलंच नाही. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. “जेवत नाहीस का गं?” मी विचारलं.

“जेवते की. किती जेवायचं आता? डॉक्टरपण म्हणाला, वय झालं, असंच व्हायचं.”

 भाऊही पत्रातून हेच लिहायचा आणि मीही ते मनाशी धरून चालले होते, की आई आता हळूहळू अशीच विझत जाणार.

आईला कुणी बारीक दिसलेलं खपायचं नाही, स्वतः सोडून. मुद्देला बघून ती म्हणाली, “अगो बाई, म्हाताऱ्या जिवाला नुसतं गवत घालतात होय?” आणि एका दुपारी अक्का शाळेच्या कामाला गेल्या असताना तिनं मायेनं त्याला कोबीची पानं आणि दुधात कुस्करलेली भाकरी भरवली. त्यानंही आवडीनं खाल्ली. मी बाजारातून परत आले तेव्हा तो कोपऱ्यात केस फुगवून बसला होता, डोळे अर्धे मिटलेले. पोटाला हात लावला तर ढोलकीसारखं ताणलेलं.

अक्का आल्या. काय घडलं ते आईनंच रडवेली होऊन सांगितलं. मला वाटलं, आता कानडी आणि मराठी दोन्ही ऐकायला मिळणार. पण अक्कांनी बूटसुद्धा काढले नाहीत. “रडू नका, अम्मा. तुमचे हात गरम आहेत का? बसा इथं.” त्यांनी मुद्देला आईच्या मांडीवर ठेवलं आणि तिचा हात धरून त्याच्या पोटावरून कसा फिरवायचा ते दाखवलं. हलका, बाजूनं मागे, थांबून थांबून. मध्येच त्याला जमिनीवर सोडायचं, चालवायचं, कोमट पाण्याचे थेंब द्यायचे, परत मांडीवर. दोघी आळीपाळीनं बसल्या. अक्का मध्येच त्याच्या पोटाला कान लावायच्या आणि मान हलवायच्या. आत काहीच वाजत नव्हतं.

दिवेलागणीच्या सुमारास आई एकदम म्हणाली, “हललं! बोटाखाली काहीतरी हललं बघा.”

अक्कांनी कान लावला. त्यांचा चेहरा उजळला. “गुडगुडतंय. सुशीला, ऐक, ऐक ये.” मी ऐकलं. लांबून पाण्याचा पाइप सुरू झाल्यासारखा आवाज. थोड्या वेळानं त्यानं एक लेंडी टाकली आणि आईनं ती उचलून अक्कांच्या तळव्यावर अशी ठेवली जणू प्रसाद.

जेवायला बसलो तेव्हा दोघींची मैत्री झाली होती. मी गप्पांमध्ये होते, पण अक्कांचं बोलणं हळूहळू थांबलं. त्या आईकडे बघत होत्या. आईनं भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला, तोंडात घातला, एका गालात घेतला, दुसऱ्या गालात घेतला, आणि पदर पुढे करून हळूच काढून ताटाखाली सारला. रोज करत असावी. मी रोज शेजारी बसूनही ते बघितलं नव्हतं.

“अम्मा,” अक्का म्हणाल्या, “तोंड उघडा.”

“इश्श! काय हे?”

“लाजू नका. उघडा.”

आईनं तोंड उघडलं. अक्कांनी दिवा जवळ आणला. मागच्या दाढांचे नुसते खुंट उरले होते, हिरडी लाल झालेली.

“दुखतंय ना?”

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. “दुखतंय. पण या वयात कुणाला सांगायचं? लोक हसतील, म्हातारीला अजून खायला पायजे म्हणून.”

 अक्का दिवा खाली ठेवत म्हणाल्या, “माझी आई अशीच वाळत गेली. गावातले दोन डॉक्टर आले, नाडी बघून गेले. तोंड उघडून कुणी बघितलं नाही. तुमचं मी बघितलंय. आता मी सोडणार नाही.”

दुसऱ्या दिवशी पहिलं काम म्हणजे आईचं वजन. शेट्टींच्या दुकानात पोती जोखायचा मोठा काटा होता. आई लाजून चूर झाली, पण अक्कांनी तिला हात धरून फळीवर बसवलं. शेट्टींनी गंभीरपणे वजनं चढवली, उतरवली आणि म्हणाले, “अम्मा, अर्धं पोतं तांदूळपण नाही भरत तुम्ही.” आई हसली तशी फळी हलली आणि सगळं परत मांडावं लागलं.

चिकपेटेत दातांचे एक डॉक्टर होते. अक्का स्वतः आईला घेऊन गेल्या. खुंट काढले, हिरड्या भरून यायला वेळ लागला. तोवर आईसाठी घोटलेला भात, पातळ नाचणीची आंबील, शिजवून कुस्करलेल्या भाज्या, असा अक्कांनी रतीब लावला. सुट्टी संपली, तरी आईला बेळगावला जाऊ दिलं नाही. भावाला मी कळवलं की आई माझ्याकडे राहतेय, आणि वजन भरतंय. थंडीच्या दिवसांत कवळी आली. पहिले काही दिवस आई ती पदरात बांधून ठेवायची आणि जेवताना विसरल्याचं सोंग करायची. अक्का सरळ ताट काढून घ्यायच्या.

संक्रांतीला शेजारणी हळदीकुंकवाला आल्या. इकडच्या रीतीनं तीळ, खोबरं, शेंगदाणे आणि गुळाचे बारीक तुकडे एकत्र करून वाटतात. आईनं चिमूटभर तोंडात टाकलं. मी बघत होते. अक्काही बघत होत्या, पण भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितल्यासारखं करत. आईच्या तोंडातून कडकड आवाज आला. ती थांबली, आम्हा दोघींकडे बघितलं, आणि ओंजळ पुढे केली. “अजून द्या की गे.”

ती त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली, आणि चांगली खाऊनपिऊन जगली.

मुद्देसुद्धा पुढे दोन पावसाळे राहिला. डॉक्टर अधूनमधून स्वतःहून यायचे, त्याच्या दाढा घासून, चहा पिऊन जायचे. शेवटी त्याचं हृदयच थकलं असावं. एका सकाळी तो गवताच्या टोपलीत निजलेला होता आणि तोंडात हिरवी काडी तशीच होती. अक्कांनी त्याला उचलून हातावर घेतलं, नेहमीसारखं वजन अजमावलं. “भरलेला आहे,” एवढंच म्हणाल्या. परसातल्या पेरूखाली खड्डा केला, पदरानं नाक पुसलं आणि बूट घालून शाळेला निघाल्या. त्या दिवशी सातवीच्या वर्गात त्यांनी पचनसंस्था शिकवली. शेजारच्या वर्गात मी शिकवत होते. त्यांचा आवाज भिंतीतून येत होता, नेहमीइतकाच खणखणीत.

एकोणीसशे साठच्या दशकाच्या मध्यावर माझं लग्न ठरलं आणि मी धारवाडला जायला निघाले. अक्का तेव्हा निवृत्त झाल्या होत्या, पण घरी बसायचं त्यांच्या स्वभावात नव्हतं. बेंगळूरजवळच्या आनेकलला मुलींची नवी शाळा निघाली होती, तिथे जीवशास्त्राला कुणी जायला तयार नव्हतं. अक्का रोज बसनं जायला लागल्या होत्या.

निघायच्या आधी त्यांना भेटायला मी पहाटेच बसस्टँडवर गेले. त्यांना तिथेच गाठणं सोपं होतं.  त्यांनी माझी पाठ थोपटली, “धारवाडला हवा चांगली आहे,” म्हणाल्या, आणि बस आली तशी पुढे होऊन खिडकीची जागा पकडली. कंडक्टरनं घंटी दिली. बस हलली.

तेवढ्यात लांबून एक बाई पळत येताना दिसली. डोक्यावर गाठोडं, कडेवर मूल, दुसऱ्या हातानं गाठोडं सावरतेय. कंडक्टरचं लक्ष नव्हतं. बस फाटकापर्यंत पोचली होती. मग खिडकीतून अक्कांचा हात बाहेर आला आणि बसच्या पत्र्यावर धाडधाड आपटायला लागला. कबुतरं उडाली, चहावाला बाहेर आला, बस कचकन थांबली. त्या बाईनं आधी मूल खिडकीतून अक्कांच्या हातात दिलं, मग गाठोडं चढवलं, मग स्वतः चढली. धूर सोडत बस आनेकलच्या रस्त्याला लागली. वळणावर मला खिडकी परत दिसली. मूल अक्कांच्या मांडीवर उभं होतं आणि त्या त्याला बोटानं बाहेरचं काहीतरी दाखवत होत्या.